कोऱ्या नमुन्याचा माणूस

जोतिरामअण्णांची आणि माझी ओळख भांडणानं झाली, आणि चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढंही बरेचदा तसंच झालंय.

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत आमची अन्न तपासायची प्रयोगशाळा आहे. एका बाजूला फौंड्री, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके करणारा कारखाना, मधे आम्ही. बेळगाव भागातली भाजी रोज गोव्याला जाते, थोडी विमानानं बाहेरच्या देशात जाते. ज्यांना ‘ह्या भाजीत औषधाचा अंश नाही’ असा दाखला लागतो ते आमच्याकडं नमुना पाठवतात. मी बेळगावच्याच शहापूरची, विणकराच्या घरातली. माझ्या आप्पांनी मागावर बसून मला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, त्यामुळं नोकरीच्या पहिल्या दिवशी मी जरा जास्तच ताठ होते. आत गेले तर एक पन्नाशीचा माणूस नमुन्यांच्या फ्रीजमध्ये पिशवीभर हिरव्या मिरच्या ठेवत होता.

“हा फ्रीज घरचा बाजार ठेवायला नाही,” मी म्हणाले. “पिशवी उचला.”

त्यांनी मिरच्या नीट लावून झाल्यावरच माझ्याकडं बघितलं. “आक्का, ह्यो बाजार न्हाय. हे तुमचं शून्य हाय.”

त्यांचं खरं होतं. भाजीत औषध किती आहे हे मोजायचं तर आधी औषध अजिबात नसलेली तीच भाजी हाताशी असावी लागते. तिच्यावरून मशीनचं शून्य ठरतं आणि मग बाकीच्या नमुन्यांतून ते शून्य वजा होतं. तिला आम्ही कोरा नमुना म्हणतो. असली भाजी आजच्या दिवसात कुठं मिळणार? मोठ्या प्रयोगशाळा ती मागवून घेतात. आमचे मालक युवराज सर यांनी सोपा मार्ग काढला होता. जोतिरामअण्णा नंदगडच्या अलीकडच्या एका खेड्यातले. त्यांच्याकडं, तिकडं सगळ्यांकडं असतो तसा, परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, एक घरापुरता वाफा होता. शेतातलं पीक बाजारासाठी, त्यावर फवारणी. परड्यातली मिरची, वांगी, कोथिंबीर घरच्या ताटासाठी, त्यावर थेंब नाही. ही रीत गावोगाव आहे. त्यात लबाडी आहे असं कुणाला वाटत नाही, मलाही आजवर वाटलं नव्हतं.

तर दर सोमवारी अण्णा खानापूरच्या बसनं मच्छेला उतरायचे ते पिशवी घेऊन. एक फॉर्म असायचा. नमुना कुठला: स्वतःचं परडं. फवारणी केली आहे का: नाही. खाली सही. जोतिराम, मग एक लांब वेलांटी, मग एक ठिपका. तो ठिपका ते इतक्या मन लावून द्यायचे की कागदाला भोक पडायचं.

प्रयोगशाळेत ते नावाला मदतनीस होते. पण काचेची भांडी त्यांनी धुतली की मला परत बघावं लागत नसे. तीनदा विसळायचं, हा नियम त्यांच्या अंगात भिनला होता. मी एकदा घाईत दोनदा विसळून बाटली ठेवली तर त्यांनी ती उचलून तिसऱ्यांदा विसळली. मला राग आला होता. मला राग लवकर येतो, आणि तो बहुतेक वेळा माझ्यापेक्षा नीट काम करणाऱ्यांवरच येतो.

गावात त्यांचा वाफा प्रसिद्ध होता, आणि ती प्रसिद्धी त्यांनी स्वतःच केली होती. “आमच्या परड्यातल्या मिरचीवर बेळगावची लॅब चालतीया,” असं ते बसमध्येसुद्धा सांगायचे. बाळंतिणीला भाजी लागली, लेकराला पहिल्यांदा वांग्याचा मऊ घास द्यायचा असला की बायका त्यांच्या आईकडं, बायाक्काकडं यायच्या. बायाक्का कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नसत. अण्णांची मुलगी रक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा ते मला म्हणाले होते, “लेकीला दुसरं काय देणार आक्का? शुद्ध खायला तरी हाय घरात.”

आता माझ्या चुकीकडं येते.

आमच्या मशीनमधून कागदावर एक रेघ निघते. जिथं काही सापडलं तिथं रेघ उंचावते. मिरचीत रंग आणि तेल फार, त्यामुळं तिची रेघ कधी सरळ नसते, डोंगरासारखी पसरते. कोऱ्या नमुन्यातही एका ठिकाणी असाच एक बसका उंचवटा यायचा. तीनेक वर्षांपूर्वी अण्णांनी त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, “आक्का, ह्यो उंचवटा कसला? दर सोमवारी हितंच येतोय.”

“मिरचीचा स्वतःचा गुण आहे तो,” मी मान वर न करता म्हणाले. “सगळ्याच नमुन्यांत येतो. वजा होतो.”

“व्हय,” म्हणाले, आणि बाटल्या विसळायला गेले.

गेल्या वर्षी मी एक नवी पद्धत बसवायला घेतली. लोखंडाचे अतिशय बारीक कण, इतके बारीक की एकेक कण डोळ्यांनीच काय, साध्या सूक्ष्मदर्शकानंही दिसायचा नाही. त्यांच्यावर असा थर चढवायचा की औषधाचा अंश त्याला चिकटेल आणि रंग, तेल चिकटणार नाहीत. कण आम्ही इथंच बनवले. लोखंडाच्या क्षारांचं तांबूस पाणी, त्यात अमोनिया ओतला की एका दमात सगळं काळंभोर. अण्णांना ते बघायला फार आवडायचं. मिरची वाटून तिचा अर्क पाण्यात पातळ करायचा, चिमूटभर काळी भुकटी टाकायची, हलवायचं, आणि बाटलीला बाहेरून लोहचुंबक लावायचं. काळं सगळं सरकत चुंबकाच्या बाजूला जाऊन बसतं, पाणी नितळ होतं. ते पाणी फेकायचं, भुकटी थोड्या द्रावकानं धुतली की चिकटलेलं औषध तेवढं सुटून येतं. पहिलं चुंबक अण्णांनीच आणलं होतं, पिरनवाडीच्या भंगारवाल्याकडनं, फुटक्या स्पीकरमधलं.

“कचऱ्यातनं सुई काढल्यागत झालं की हे,” ते म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात मिरचीचा डोंगर सपाट झाला. रेघ सुतासारखी सरळ आली. मी टाळी वाजवणार तेवढ्यात दिसलं की कोऱ्या नमुन्यात, त्या जुन्या उंचवट्याच्या जागी, एक बारीक टोकदार सुळका उभा आहे. गुण मिरचीचा असता तर तो रंगाबरोबर जायला हवा होता.

आधी मी भुकटीवर संशय घेतला, मग भांड्यांवर. अण्णांच्या भांड्यांवर संशय घेताना मला लाज वाटली, पण घेतला. नुसत्या पाण्यावर सगळं करून बघितलं, सुळका नाही. कणकुंबीकडच्या जंगलातल्या एका वस्तीवरून मिरची मागवली, सुळका नाही. मग अण्णांच्या मिरचीच्या अर्कात शुद्ध इमिडाक्लोप्रिडचा एक थेंब टाकला. शेतकरी ज्याला नुसतं इमिडा म्हणतात ते, किडीवरचं, मुळातून शोषलं जाऊन झाडात अंगभर पसरणारं औषध. सुळका त्याच जागी आणखी उंच झाला.

अण्णा माझ्या मागं उभे होते. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. चार वर्षं त्यांनी हेच काम बघितलं होतं.

“शून्य शून्य नव्हतं तर,” एवढंच म्हणाले.

मी पटापट बोलू लागले. कोऱ्या नमुन्यातलं औषध आपण दर वेळी वजा करत होतो, म्हणजे दर दाखल्यात औषध खऱ्यापेक्षा कमी दिसलं, म्हणजे काही माल नापास व्हायचा तो पास झाला. ते माझं ऐकत नव्हते. ते म्हणाले, “परड्यात कोण फवारलं?”

त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी सगळ्यांना उभं केलं. धाकटा भाऊ भरमा शेत बघायचा. तो म्हणाला, माझी फवारणी ओढ्यापलीकडं, वारा बघून करतो. बायाक्कांनी गावच्या लक्ष्मीची शपथ घेतली की वाफ्यावर एक थेंब पडलेला नाही. पोटात सात महिन्यांचं लेकरू घेऊन रक्षा दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी अण्णा आले ते सुटकेचा श्वास टाकून नव्हे, आणखी चिंतेत आले. “आक्का, घरात कोण खोटं बोलंना. मग आलं कुठनं?”

ते त्यांना पुढच्या रविवारी कळलं.

रविवार म्हणजे भरमाच्या फवारणीचा दिवस, कारण अण्णांची सुट्टी. फवारायचं भरमानं, पंप धुवायचा अण्णांनी. पूर्वी भरमा पाठीवरचा पंप ओढ्यातच बुचकळायचा. अण्णांनी ते चार वर्षांपूर्वी बंद केलं. प्रयोगशाळेत रुजू होऊन महिना झाला होता आणि त्यांना कळलं होतं की उरलेलं औषध काय करतं. ओढ्यावर जनावरं पाणी पितात, पोरं डुंबतात. पंप घरी आणायचा, धुण्याच्या दगडावर ठेवायचा, आणि तीनदा विसळायचा, असा नियम त्यांनी घातला. भरमा हसला होता, पण मोठ्या भावाचं ऐकलं होतं.

त्या रविवारी त्यांनी पंप एकदा विसळला आणि पाणी ओतलं. दगडावरचं पाणी घराच्या मागच्या बारक्या चारीतून वाहत गेलं. परड्यात पाणी वाया घालवत नाहीत. भांड्यांचं, धुण्याचं, आंघोळीचं, सगळं त्या चारीनं वाफ्यात जातं. पाणी मिरचीच्या बुडाशी जाऊन थांबलं आणि जिरलं. अण्णा हातात पंप धरून बघत राहिले. दुसऱ्यांदा विसळायचं त्यांना धाडस झालं नाही.

सोमवारी ते पिशवी न घेता आले. “फवारलं कुणीच न्हाय, आक्का,” म्हणाले. “मी पाजलं. चार वर्षं, दर आठवड्याला, तीन-तीन येळा.”

मला रडू आलं. ते रडले नाहीत. फॉर्मची फाईल काढून बसले आणि आपल्या सह्या बघू लागले.

युवराज सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावलं. सर वाईट माणूस नाहीत, त्यांना फक्त कुठल्याही गोष्टीचा आवाज झालेला आवडत नाही. पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेच्या मान्यतेची तपासणी होती, बेंगळुरूहून बाई येणार होत्या. सर म्हणाले, “इथून पुढं कणकुंबीचा नमुना वापरा. नव्या पद्धतीमुळं नमुना बदलला असं लिहा. झालं ते झालं. आपण खोटं काही लिहीत नाही, फक्त सगळं लिहीत नाही.”

“आणि मागचे दाखले?” अण्णांनी विचारलं.

“ती भाजी लोकांच्या पोटात जाऊन वर्षं झाली, जोतिराम. आता काय परत मागवणार?” मग सर जरा मऊ झाले. “तुमच्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. फॉर्मवर सही तुमच्या एकट्याची आहे. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय. तपासणीच्या दिवशी रजा घ्या.”

त्यात धमकी होती की काळजी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अण्णांना ठरवायची गरज वाटली नसावी. बोलले तर दोष त्यांच्या सहीवर येणार. गप्प बसले तर चौदा महिने त्याच बाकावर, त्याच बाटल्या विसळत बसायचं. दोन्हीकडून दार बंद, आणि दोन्हीकडं कडी त्यांच्याच हातानं लागलेली. ते पंधरा दिवस त्यांनी कसे काढले ते मी बघितलंय. भांडं तीनदा विसळून झाल्यावर ते चौथ्यांदा विसळायचे, मग पाचव्यांदा, मग नळ बंद करायचं विसरून उभे राहायचे. घरीही सांगता येईना. रक्षाला ‘परड्यातलं खाऊ नको’ एवढं म्हणाले. का, ते सांगितलं नाही. बायकोनं, मनुबाईंनी, खोदून खोदून विचारलं तर जेवणावरून उठून गेले.

तपासणीच्या आदल्या दिवशी बसची वेळ झाली तरी ते दारात घोटाळत होते. “आक्का, उद्या तुम्ही असशिला न्हवं?”

“असेन की,” मी म्हणाले. “तुम्ही रजेवर आहात ना?”

“व्हय,” म्हणाले.

मी रात्रभर देवाजवळ एकच मागत होते, की हा माणूस उद्या येऊ नये. हे लिहायला मला लाज वाटते, पण तसं होतं.

ते आले. नेहमीच्याच बसनं, इस्त्रीचा शर्ट घालून. तपासणीच्या बाई माझ्या टेबलाजवळ बसून नव्या पद्धतीचे कागद बघत होत्या, चुंबकाचं कौतुक करत होत्या. अण्णा समोर जाऊन उभे राहिले आणि कन्नडमध्ये, शाळेत धडा म्हणतात तसं, सगळं सांगितलं. परडं, पंप, दगड, चारी. बाईंनी पेन खाली ठेवलं, मग परत उचललं.

त्या माझ्याकडं वळल्या. जुन्या कोऱ्या नमुन्यात ह्या जागी काही दिसायचं का?

“रंगात झाकलं जायचं, मॅडम,” मी म्हणाले.

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. दिसायचं, मला विचारलं होतं, मी उडवून लावलं होतं, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. बाईंनी अण्णांना विचारलं, “तुम्हाला कधी शंका आली होती? कुणाला विचारलं होतं?”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, “नाही. मला त्यातलं काय कळतं?”

सरांनी अण्णांच्या सह्यांच्या फॉर्मची फाईल आधीच काढून ठेवली होती. कोरा नमुना देणाऱ्यानं चुकीचं लिहून दिलं, असा शेरा झाला. मिरचीची तपासणी तीन महिने बंद, नवी पद्धत स्तुत्य, असंही त्या कागदात आहे. अण्णांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मागच्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवावीत असंही बाईंनी लिहिलं होतं. ती पत्रं अजून सरांच्या टेबलावर आहेत.

आठ दिवसांनी मी त्यांच्या गावी गेले. माफी मागायची असं बसमध्ये ठरवलं होतं, वाक्यंही जुळवली होती. अण्णा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. मला बघून उठले, “आक्का, या की,” म्हणाले आणि पुन्हा बसले. परड्यात वाफा तसाच उभा होता. मिरच्या झाडावरच लाल होऊन सुरकुतल्या होत्या, वांगी जून झाली होती. कुणी तोडलं नव्हतं. रक्षा पाणी घेऊन आली. तिला आठवा लागला होता. मी वाक्यं आठवत होते तेवढ्यात बायाक्का आतून काठी टेकत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

“लॅबातली आक्का तूच न्हवं? बरं झालं आलीस,” त्या म्हणाल्या. “माझा ल्योक खुळ्यागत कराय लागलाय. फवारलं न्हाय म्हणून लक्ष्मीची शपथ घेतली तरी वाफ्यातलं तोडू देईना. भरमाच्या शेतातलं फवारलेलं, ते आमी खात न्हाय. म्हटलं बाजारातनं आणूया, तर त्येबी नको म्हणतोय. का म्हणून इचारलं तर गप. तीन आठवडं झालं, पोटुशी पोरगी वरणभात गिळतीया.”

“आये, गप बस,” अण्णा म्हणाले.

“का गप बसू? ती शिकलेली हाय, ती सांगंल.” त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात खरखरीत आणि गरम होता. “बाजारात ती कागदवाली भाजी असती म्हणं, तुमच्या लॅबात तपासलेली. ती तर चांगली असंल की न्हाय? सांग बाई, पोरीला कुठली घालू?”

अण्णा जमिनीकडं बघत होते. रक्षा दारातच थांबली होती. पत्रं गेली नव्हती, म्हणजे बाजारात अजून तेच जुने कागद चालत होते; त्यांचं शून्य जोतिरामअण्णांचं होतं, आणि खाली सही माझी.

“सांग की,” बायाक्का म्हणाल्या, आणि माझा हात न सोडता वाट बघत राहिल्या.